गॉथिक कादंबऱ्या सुचवताय की अभ्यासक्रम लावताय?

कंदील
पुस्तककिडा यांची 'मरण्यापूर्वी वाचायलाच हव्यात अशा १० गॉथिक कादंबऱ्या' ही यादी काल वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन समाधान होईना, म्हणून वेगळं लिहितेय. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: गॉथिक म्हणजे जुन्या घरातल्या अंधाऱ्या, भीतीच्या गोष्टी, आणि यादी सनावळीने लावलेली आहे. पहिली १७६४ची 'द कॅसल ऑफ ओट्रांटो', मग 'युडॉल्फो', 'द मंक', 'फ्रँकेन्स्टाइन', 'मेलमॉथ' अशी आगगाडी निघते ती नवव्या डब्यात 'ड्रॅक्युला' आणि दहाव्यात 'रेबेका'. मध्ये 'वुदरिंग हाइट्स'पुढे 'अजरामर प्रेमकथा' असा शेरा. आणि शेवटी सगळ्यावर कडी: 'मराठीत मात्र हा प्रकार रुजला नाही, कारण ती संवेदनाच आपल्याकडे नाही.'

अहो, कोणी वाचायला पुस्तक मागितलं तर त्याच्या हातात वंशावळ ठेवतात का? मी हा मूर्खपणा स्वतः केलेला आहे. भाची बारावीच्या सुट्टीत म्हणाली, मावशी, काहीतरी अंधारं, जुन्या घरातलं दे. मी मोठ्या विद्वत्तेने ओट्रांटो दिली. दुसऱ्या दिवशी परत. "मावशी, लग्नाच्या दिवशी आभाळातून एवढं मोठं शिरस्त्राण पडतं आणि नवरा मुलगा त्याखाली चिरडून मरतो. मला हसू आवरेना." त्यानंतर तीन वर्षं तिने माझ्याकडे पुस्तक मागितलं नाही.

मला विचाराल तर 'रेबेका'पासून (१९३८) सुरुवात करा. नव्या नवरीला अख्ख्या पुस्तकात नाव नाही आणि मेलेल्या पहिल्या बायकोचं नाव मुखपृष्ठावर! रुमालापासून पत्रांच्या कागदापर्यंत घरात सगळीकडे तीच. घराची कारभारीण डॅनव्हर्सबाई सवतीच्या खोलीत नेऊन तिचा झिरझिरीत गाऊन हाताळायला लावते, ते प्रकरण वाचताना मला आमच्याकडची एक जाऊ आठवली, पण ते असो. मग 'अंकल सायलस' (१८६४): बाप मृत्युपत्रात पोरीला चुलत्याच्या स्वाधीन करतो आणि ती सज्ञान होण्याआधी मेली तर इस्टेट त्या चुलत्याची. हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मग शर्ली जॅक्सनची 'हाँटिंग ऑफ हिल हाउस' (१९५९). अकरा वर्षं आईचं आजारपण काढून स्वतःचं आयुष्य नसलेली एलिनॉर त्या घरात येते, आणि घराने गिळलं की हीच आपणहून गेली, हे मला तीनदा वाचूनही ठरवता आलेलं नाही. 'ड्रॅक्युला'ची पहिली चार प्रकरणं कोणालाही द्या. पुढे ड्रॅक्युलाच्या मागे लागलेल्या प्राध्यापक व्हॅन हेल्सिंगची प्रवचनं सुरू झाली की ज्याची त्याची सहनशक्ती.

गॉथिकमध्ये मला भुताइतकंच घर महत्त्वाचं वाटतं. घराच्या किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला आहे आणि आत कोण अडकलंय, एवढं पाहायचं. भूत आलं तर आलं.

पुस्तककिडा
धन्यवाद. यादीला माझे दोन महिने गेले, तुमचा राग दोन तासांत लिहून झाला असेल. सनावळ मुद्दाम ठेवली, कारण प्रकार कसा वाढला ते कळावं. आणि 'वुदरिंग हाइट्स' ही प्रेमकथा नसेल तर मग जगात प्रेमकथा नाही. मी ती कॉलेजात वाचली, त्या वर्षी माझं जे काही झालं त्यात मला त्या पुस्तकाने वाचवलं. तुम्हाला शेरा झोंबला तर नाइलाज आहे.

इंग्रजीचा_मास्तर
कंदीलबाईंचा सूर नेहमीप्रमाणे रंजक. भाचीला हसू आलं हा ओट्रांटोविरुद्धचा पुरावा कसा होतो? तिच्या लेखकाला, होरेस वॉलपोललाही थोडं हसूच अपेक्षित असावं. पहिल्या आवृत्तीत त्याने स्वतःचं नावच घातलं नाही. १५२९ साली नेपल्सला छापलेलं जुनं इटालियन पुस्तक इंग्लंडच्या उत्तरेतल्या एका कॅथलिक घराण्याच्या ग्रंथसंग्रहात सापडलं, त्याचा हा अनुवाद, अशी थाप मारली. लोकांनी उचलून धरल्यावर दुसऱ्या आवृत्तीत कबुली दिली आणि 'अ गॉथिक स्टोरी' हे उपशीर्षक लावलं. सापडलेली हस्तलिखितं, खोटे संपादक, दुसऱ्याच्या तोंडची हकिगत, हे पुढचं सगळं बिऱ्हाड तिथून निघालं.

आणि 'युडॉल्फो' (१७९४) न वाचता जेन ऑस्टिनची 'नॉर्थँगर ॲबी' वाचून काय कळणार? त्यातली कॅथरीन वादळी रात्री काळ्या कपाटातून थरथरत्या हाताने कागदांची गुंडाळी काढते आणि सकाळी बघते तर धोब्याचा हिशोब! हा विनोद कशावर आहे हे ठाऊक नसेल तर अर्धं पुस्तक वाया. त्यात एक मैत्रीण सात भयंकर कादंबऱ्यांची नावं सांगते. कितीतरी वर्षं लोक समजत होते की ही नावं ऑस्टिनने गमतीने रचली. पुढे सातही खरी निघाली. म्हणजे त्या काळातही पोरी एकमेकींना याद्याच देत होत्या!

कंदील
मास्तर, त्या पोरी एकमेकींना चालू वर्षातली पुस्तकं देत होत्या, तीस वर्षांपूर्वीची नव्हे. तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. आणि युडॉल्फोबद्दल बोलूच. काळ्या पडद्याआड नायिका असं काहीतरी बघते की बेशुद्ध पडते. काय बघितलं हे लेखिका रॅडक्लिफबाई शेकडो पानं सांगत नाहीत आणि शेवटी सांगतात तर काय, मेणाचा पुतळा. तुमच्या वर्गात किती पोरं शेवटापर्यंत पोचली ते खरं सांगा.

इंग्रजीचा_मास्तर
एकवीस वर्षांत चार. पण ती चार अजून फोन करतात.

घाटावरचा
'अजरामर प्रेमकथा'वर माझे दोन पैसे. 'वुदरिंग हाइट्स'चा नायक हीथक्लिफ इझाबेलाला पळवून नेतो त्या रात्री तिचं कुत्रं फासावर लटकवून मारतो. नंतर बायकोचे हाल. नंतर कॅथरीनच्या मुलीला घरात कोंडून स्वतःच्या मरतुकड्या मुलाशी लग्न लावून घेतो, कशासाठी, तर जमिनीसाठी. मेलेल्या प्रेयसीची शवपेटी उघडून बघतो ते वेगळंच. याला जो प्रेम म्हणतो त्याच्या घरी मी मुलगी देणार नाही.

पुस्तककिडा
मागितली कोणी?

तिसरी_घंटा
एक विनंती. रेबेकाचा शेवट कृपया कोणी फोडू नका, मी निम्म्यात आहे.

बे_एरिया_बंड्या
१९३८चं पुस्तक आहे हो, त्यात कसला रहस्यभेद! आमच्या आईवडिलांच्या पिढीने तेच 'कोहरा' म्हणून १९६४ साली थिएटरात पाहिलंय. बाकी गंमत म्हणजे पुस्तकात नवऱ्याने गोळी घातलेली असते, हिचकॉकच्या १९४०च्या सिनेमात तो अपघात करून टाकला, कारण तिकडच्या नियमांत बायकोचा खून पचवून नायक सुखाने जगलेला चालत नव्हता.

तिसरी_घंटा
वा. छान. मनापासून आभार.

बे_एरिया_बंड्या
अरेच्चा. सॉरी.
पण विषय निघालाच आहे तर माझं खरं दुखणं मराठी अनुवादांचं आहे. इथे लेकीला मराठीतून वाचून दाखवावं म्हणून भारतातून येताना 'ड्रॅक्युला'चं एक जुनं रूपांतर आणलं. मूळ पुस्तक सगळं रोजनिशा, पत्रं, तारा, कात्रणं यांचं. प्रत्येकाला थोडंच ठाऊक आहे, वाचकाला सगळ्यांचं मिळून ठाऊक आहे, भीती तिथेच आहे. या पठ्ठ्याने सगळं सरळ गोष्टीत आणून सव्वाशे पानांत उरकलं! पहिल्याच पानावर काउंट रक्त पितो हे सांगून मोकळा. वाचनालयात विचारावं तर ही पुस्तकं 'भूतप्रेत' अशी चिठ्ठी लावलेल्या फळीवर, ज्योतिषाच्या शेजारी. जेन एअरही तिथेच होती, देवाशपथ.

देवगड_हापूस
तुमचं कुत्रं, पडदे, अनुवाद झाले असतील तर मूळ यादीतल्या शेवटच्या वाक्याकडे वळू या का? 'ती संवेदनाच आपल्याकडे नाही'? आमच्याकडे या, दाखवतो. पावसाळ्यात लाइट गेली की माजघरातून पडवीत यायला माझी चाळिशीतली बायको मला सोबत घेते. चिं. त्र्यं. खानोलकर वाचलेत का? 'रात्र काळी घागर काळी' वाचा, 'कोंडुरा' वाचा. देव प्रसन्न झाल्यावर माणसाचं वाटोळं कसं होतं हे कोणत्या इंग्रजाने लिहिलंय? आणि नारायण धारप? 'लुचाई' रात्री वाचून दाखवा, मग बोलू.

घाटावरचा
धारप मलाही आवडतात, पण 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे हे तरी मान्य करा. आपल्या संवेदनेचा पुरावा म्हणून उसनं पुस्तक कसं चालेल?

देवगड_हापूस
आलेच उसन्याचा हिशोब मांडणारे. मग किंगने काय केलं? ड्रॅक्युला उचलून अमेरिकेतल्या लहान गावात नेऊन ठेवला. तो त्याने केला की प्रेरणा, आमच्या माणसाने केला की चोरी! धारपांनी दिलं म्हणून आमच्या पिढीतली पोरं एसटी स्टँडवर उभ्याने वाचायला शिकली. तुमच्यासारख्यांनी काय दिलं? शेरे.

घाटावरचा
'चोरी' हा शब्द तुम्ही काढलात, मी नाही. आवाज खाली.

इंग्रजीचा_मास्तर
हापूसराव, खानोलकरांबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण कोकणातली भुतं म्हणजे गॉथिक, हे मला पटत नाही, आणि कारण साधं आहे. मुंजा कुठल्या पिंपळावर आहे, देवचाराची हद्द कुठवर, राखणदाराला वर्षाला कोंबडं द्यायचं की नारळ, हे सगळं गावाला ठाऊक असतं. गाऱ्हाणं घालायचं, मान द्यायचा, मिटलं. ज्याच्याशी वर्षानुवर्षं देवघेव चालू आहे तो एका अर्थी गावकरीच. गॉथिकमध्ये नेमकं उलट असतं. घरात काहीतरी आहे आणि त्याचं नावही घ्यायचं नाही. 'जेन एअर'मधल्या थॉर्नफील्डच्या घरात रात्री हसू ऐकू येतं, जेन विचारते, आणि सगळे सांगतात, ती शिवणकाम करणारी ग्रेस पूल. तुमच्याकडे हसू आलं असतं तर दुसऱ्या दिवशी सबंध वाडीत चर्चा.

कंदील
हे मात्र मास्तर बरोबर बोलले. लिहिताना त्रास होतोय, पण बोलले.

देवगड_हापूस
गावात चर्चा होते म्हणून घरात लपवत नाहीत? तुम्ही कोकण फक्त मे महिन्यात पाहिलंय, मास्तर.

पोटमाळा
सहसा इथे लिहीत नाही, वाचतो. मास्तरांच्या शेवटच्या मुद्द्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. आमचं घर देशावरचं, कृष्णाकाठचं. दोन चौकी वाडा. त्यात भूत नव्हतं. आजोबांची एक बहीण होती.

सगळे तिला 'आतली आत्या' म्हणायचे. धान्याच्या कोठीमागे एक खोली होती, खिडकी नाही, वर एक झरोका. ती चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली आणि पुढे तिचं डोकं फिरलं, असं सांगायचे. आधी काय झालं आणि नंतर काय, याबद्दल घरात दोन मतं होती आणि दोन्ही कुजबुजत सांगितली जायची. मी पाहिली तेव्हा ती साठीपुढची असेल. पाहिली म्हणजे हात पाहिला, ताट आत घेणारा. लग्नकार्य असलं की बाहेरून कुलूप. पाहुण्यांनी विचारलं तर 'बियाण्याची खोली'. सोप्यावर लंबकाचं घड्याळ होतं. त्याचे ठोके पडले की आतून आवाज यायचा, "किती वाजले गं?" कोणी उत्तर द्यायचं नाही, असं आजीने आम्हा पोरांना बजावलं होतं. ठोके तिनेही मोजलेलेच असणार. तरी विचारायची.

टीवायला 'जेन एअर' होतं. माळ्यावर कोंडलेल्या बायकोचं, बर्था मेसनचं प्रकरण आलं त्या दिवशी मी वर्गातून उठून गेलो. सर म्हणाले, पुढच्या तासाला या. गेलो नाही. त्या पेपराला मला त्रेचाळीस मार्क आहेत.

वाडा पाडला तेव्हा मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो. त्या खोलीत काहीतरी सापडेल असं वाटत होतं, भिंतीवर काही, कोनाड्यात काही. काही नव्हतं. फक्त दाराला आतूनही कडी होती, आणि बाहेरच्या कुलपापेक्षा ती जास्त झिजलेली होती.

तिसरी_घंटा
हे वाचून रेबेका बाजूला ठेवली.

वाडेकर
अनुभव वाईट, नाकारत नाही. पण हल्ली वाडा म्हटलं की कोंडलेली बाईच दाखवायची ही एक रीतच झालीय. आमच्याही वाड्यात सत्तावीस माणसं होती. एका ताटात जेवलो, एकमेकांची आजारपणं काढली. आणि त्या काळी पर्याय काय होता? वेड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकायचं? घरात होती, दोन वेळचं ताट मिळत होतं. तुम्ही आज एसीत बसून आजी-आजोबांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करताय. वाडे पडले ते पाचपन्नास रुपये भाड्याने आणि वाटण्यांनी, त्यावर कोणी कादंबरी लिहीत नाही. आमचा दावा सत्तेचाळीस वर्षं चालला!

पोटमाळा
इस्पितळात निदान रजिस्टरात नाव लागलं असतं. रेशनकार्डावर नव्हतं. आणि मी आजीला पिंजऱ्यात उभं केलेलं नाही. तीच रोज ताट घेऊन जायची.

कंदील
वाडेकर, बर्थाचा नवरा रॉचेस्टरही हेच म्हणतो. मी तिला रानात सोडून दिलं नाही, घरात ठेवलं, राखायला बाई ठेवली, बघा मी केवढा सोसणारा. आणि आपण १८४७पासून त्याच्या बाजूने रडतोय. जीन ऱ्हिसबाईंनी 'वाइड सार्गासो सी' (१९६६) लिहून त्या माळ्यावरच्या बाईला आधीचं आयुष्य दिलं: जमैकातलं घर, हुंडा, आणि नवरा तिचं अँट्वानेट हे नावही बदलून बर्था म्हणायला लागतो ते. मला यादीत नंबर लावायला सांगितलं तर 'जेन एअर'च्या पाठोपाठ हीच, मध्ये दुसरं काही वाचायचं नाही.

वाडेकर
रॉचेस्टरशी माझी तुलना केल्याबद्दल आभारी आहे. माझी बायको ऐकून खूश होईल.

इंग्रजीचा_मास्तर
पोटमाळा, माझा राखणदाराचा मुद्दा मी कोकणापुरता राखून ठेवतो. पण तुम्ही लिहिलंत ते गॉथिकच आहे, यावर वाद घालणारा मूर्ख ठरेल आणि मी ते पद आज घेत नाही. तरी एक विचारतो, कुचकेपणाने नव्हे: हे मराठीत कादंबरीत कुठे आहे? विधवांवर ढिगाने लेखन आहे, पण ते सुधारणेचं, करुणेचं. दार बाहेरूनच बघितलेलं. ठोके पडल्यावर आतून येणारा आवाज आणि बाहेर गप्प राहिलेलं पोर, यांच्या बाजूने लिहिलेली कादंबरी सांगा, मी उद्या विकत घेतो. सापडली नाही तर किड्याचं वाक्य अर्धं खरं: संवेदना आहे, पुस्तक नाही.

देवगड_हापूस
पुस्तक नाही असं कसं, खानोलकर म्हटलं की नाही मघाशी? पण बरं. विधवेच्या खोलीपुरतं, चला, नाही सुचत मला. आज नाही सुचत.

बे_एरिया_बंड्या
पोटमाळा, तुम्हीच लिहा.

पोटमाळा
नको. बहिणी आहेत, त्यांच्या मुलींची लग्नं व्हायचीत.

कंदील
या वाक्यावर मी काय बोलू.
साराह वॉटर्सची 'द लिटल स्ट्रेंजर' (२००९) राहिली होती, ती तुमच्यासाठी. युद्धानंतरचं वॉरविकशरमधलं ढासळतं जमीनदारी घर, आणि सांगणारा डॉक्टर. त्याची आई त्याच घरात कामाला होती. घरातल्या एकेकाचं वाटोळं होत जातं आणि हा शांतपणे सांगत राहतो. वाडेकर, घर कशाने पडतं, भाड्याने, वाटण्यांनी की आणखी कशाने, हे तुम्हालाही त्यात सापडेल. हे टोमण्याने म्हणत नाही.

वाडेकर
बघतो. आवडली नाही तर इथे येऊन सांगेन.

पुस्तककिडा
सगळं वाचलं. यादी बदलतो. 'रेबेका' एक, 'अंकल सायलस' दोन, 'जेन एअर' आणि 'सार्गासो' जोडीने तीन-चार. मेलमॉथ काढली, कारण ती मी स्वतःही पूर्ण वाचलेली नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही. ओट्रांटो शेवटी, मास्तरांच्या आग्रहाखातर. संवेदनेबद्दलचं वाक्य मागे घेतो.

'वुदरिंग हाइट्स'चा शेरा मात्र राहणार. आणि घाटावरच्यांनी काल कुत्रं मारलं, म्हणून मी रात्री पुस्तक काढून बसलो. बारावं प्रकरण. कुत्रं रुमालाने हुकाला टांगलेलं असतं, शेवटचे आचके देत असतं, आणि घरातली मोलकरीण नेली डीन ते सोडवते. ते मरत नाही.

घाटावरचा
आताच उघडून पाहिलं. खरंय, सोडवते. कुत्र्याबद्दलचा शब्द मागे. बाकी मुलगी द्यायची नाही ते कायम.